बाळ येणार, हे घरातल्या बाळाला कोण सांगणार?



पोलादपूरच्या बाजूला एका बौद्धवाडीत लसीकरणाच्या दिवशी बसले होते. एक ताई वजन आणि बीपी करून घ्यायला आली होती, पाचवा महिना चालू. सोबत साडेतीन वर्षांची मुलगी, आईची ओढणी हातातून सोडत नव्हती. शेजारची आजी हसत हसत तिला म्हणाली, "काय गं बायो, आता तुझा भाऊ येणार. मग तुला कोण विचारतंय? तुला देऊ पाठवून मुंबईला." बसलेल्या सगळ्या हसल्या. आईही हसली. पोरगी हसली नाही. तिनं आईच्या पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मलाच विचारलं, "खरंच?"

त्या मुलीला घरात बाळ येणार हे तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. सासूला माहीत, नणंदेला माहीत, आशाताईच्या वहीत नोंद, मुंबईला फोन गेलेला. जिची आई वाटून जाणार होती, ती एकटीच अंधारात. आणि तिला कळलं ते चेष्टेतून, तेही अशा शब्दांत की बाळ म्हणजे आपली घरातून हकालपट्टी.

या पानावर आपण लोहाच्या गोळ्यांबद्दल बोललो, रक्त कमी असण्याबद्दल बोललो, अंगावरून जाण्याबद्दल बोललो. आज या मुलीबद्दल बोलायचं आहे. कोणी म्हणेल, यात आरोग्य कुठं आलं? दोन वर्षांच्या बाळाला रात्री उठून रडायची सवय लागते, चार वर्षांचं पोर पुन्हा अंथरुणात मुतायला लागतं, तान्ह्याला चिमटे काढतं, जेवण सोडतं, आणि आई ओली बाळंतीण असताना त्याला मार खावा लागतो, हे सगळं मी वाड्यांवाड्यांवर बघते. ते पोर वाईट नसतं. त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आधी माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे मी वरून उपदेश करतेय असं वाटायला नको. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी मोठी मुलगी सव्वातीन वर्षांची होती. मी नर्स. दिवसभर बायकांना काय खा, कधी या, हे सांगणारी. दिवस भरत आले तसं आम्ही तिला तिच्या आत्याकडे मुंबईला पाठवायचं ठरवलं. रडेल म्हणून सांगितलं नाही. झोपेत उचलून पहाटेच्या गाडीत घातलं. सव्वा महिन्यानं ती परत आली तेव्हा घरात बाळ होतं, माझ्या मांडीवर. ती दारातच उभी राहिली. मी हात पुढे केला तर आत्याच्या मागे लपली. पुढचे कित्येक महिने मी विहिरीवर, दुकानावर, कुठंही निघाले की ती दार अडवून उभी राहायची आणि झोपायला घाबरायची. मला वाटायचं, हट्टी झाली. खूप नंतर कळलं की झोपलं की माणसं आपल्याला दुसरीकडे नेऊन टाकतात, हे ती माझ्याकडूनच शिकली होती. आज ती कॉलेजात आहे. तिला ती पहाट आठवत नाही म्हणते. मला आठवते.

आता सांगायचं कधी? आपल्याकडे पहिले तीन महिने गप्प राहायचं म्हणतात, नजर लागते म्हणून. नजरबिजर काही नसतं, ते सोडा. पण तीन महिने थांबण्यात दुसरा शहाणपणा आहे. गर्भ पडायचा तर बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच पडतो. त्यामुळे लहान मुलाला चौथ्या महिन्याच्या पुढे सांगितलं तरी चालतं. मात्र दवाखान्यातली नोंद थांबवू नका, ती बारा आठवड्यांच्या आतच व्हायला हवी. आणि आईला सारख्या उलट्या होत असतील, ती दिवसभर आडवी पडत असेल, तर मुलाला तेवढं लगेच सांगा: "आईला मळमळतंय, ते बरं होणार आहे, मी कुठं जात नाही." एका खोलीच्या घरात मुलापासून काही लपत नाही. पातळ पत्र्याच्या भिंतीपलीकडची कुजबूजही त्याला ऐकू येते. त्याला अर्थ कळत नाही, पण काहीतरी झालंय हे कळतं, आणि मग ते त्यातून जे सर्वांत भयंकर असेल तेच धरून बसतं.

म्हणून एकच नियम: शेजारीण सांगण्याआधी आईबापानं सांगायचं. वाडीत पोट दिसायला लागलं की दोन दिवसांत चेष्टा सुरू होते. "तुझे लाड संपले", "आता तुला आई घेणार नाही", "तू तर कचऱ्यातून आणलेली, खरं बाळ हे". बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं हो. पण तीन वर्षांच्या मुलाला चेष्टा नावाची गोष्ट कळत नाही. त्याच्यासाठी मोठं माणूस बोललं म्हणजे ते खरं. अशा वेळी आईनं हसू नये, तिथल्या तिथं बोलावं: "नाही हो काकू, ही आमचीच आहे आणि इथंच राहणार आहे." सासू असेल, चुलत सासू असेल, तरी बोलावं. दोन मिनिटं वाईटपणा येईल. पोराला मात्र कळेल की आई माझ्या बाजूनं आहे.

काय सांगायचं, ते खरं सांगायचं. दुसऱ्या घरांत "देवबाप्पानं दिलं" म्हणून वेळ मारून नेतात. आपल्या घरात ती सोय नाही, आणि नाही ते बरंच आहे. पण मग आपण काय करतो? "दवाखान्यातून विकत आणणार" म्हणतो. रोज संध्याकाळी मुलाला हात जोडायला लावून पंचशील म्हणवून घ्यायचं आणि चौथं शील त्याच्याच बाबतीत मोडायचं, हे काही बरोबर नाही. शिवाय विकत आणलेली वस्तू परत करता येते. एका मुलानं मला दवाखान्याच्या व्हरांड्यात खरोखरच सांगितलं होतं की, हे रडतं, दुसरं द्या.

सोपं आहे. "आईच्या पोटात एक पिशवी असते, तिला गर्भपिशवी म्हणतात. त्यात बाळ वाढतंय. तूसुद्धा तिथंच होतीस. बाहेर यायची वेळ झाली की डॉक्टर आणि नर्स मदत करतात." एवढं पुरतं. लहान मूल तेवढंच विचारतं आणि खेळायला पळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारेल, पुन्हा तेच सांगा. "पोटात गेलं कसं?" असं विचारलंच तर "आईबाबांनी मिळून तयार केलं" हे उत्तर खोटंही नाही आणि त्याच्या वयाला जडही नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ जोरानं हलायला लागलं की मुलाचा हात पोटावर ठेवा. ज्या मुलाला बोलून काही पटत नाही, त्याला ती लाथ पटते.

दुसरं खोटं म्हणजे "तुला खेळायला येणार." येणारं बाळ खेळत नाही. ते झोपतं, रडतं, दूध पितं, शी करतं आणि पुन्हा रडतं. हे आधीच सांगा. नाहीतर मूल बॅट घेऊन पाळण्याजवळ उभं राहतं आणि दोन दिवसांत चिडतं.

महिन्यांचा हिशोब मुलाला कळत नाही. "मे महिन्यात बाळ येणार" याचा त्याला काही उपयोग नाही. त्याच्या ओळखीच्या खुणा द्या. चवदार तळ्यावर आपण 20 मार्चला जातो, ते झालं की मग भीमजयंती, मग आंबे, मग बाळ. किंवा शाळा सुरू होईल, लावणी होईल, मग बाळ. एका बापानं घराच्या दारामागे खडूनं रेघा मारल्या होत्या आणि पोर रोज एक रेघ पुसायचं. तारीख आठवडाभर मागेपुढे होते हे मात्र त्यानं सांगितलं नव्हतं, त्यामुळे शेवटची रेघ पुसल्यावर घरात मोठं आंदोलन झालं.

आता जी गोष्ट सांगायला मी हा लेख खरं तर लिहायला घेतला ती. "भाऊ येणार." आपल्या वाड्यांवर मुलीला सांगायचं झालं तर भाऊच येणार म्हणून सांगतात. "तुझ्या पाठीवर भाऊ येऊ दे." त्या मुलीच्या कानात काय जातं? की मी होते, पण मी पुरले नाही. आणि बहीण झाली तर बाळंतपणाच्या खोलीबाहेर उतरलेली तोंडं ती मुलगी बघते. त्या दिवशी तिला स्वतःची किंमत कळते, ती पुढं कुठल्या भाषणानं भरून निघत नाही. महाडलाच डिसेंबर 1927 च्या परिषदेत, मनुस्मृती जाळली त्याच परिषदेच्या वेळी, बाबासाहेब आपल्या बायांशी वेगळं बोलले आणि मुलींना शिकवण्याबद्दल सांगितलं. आपण त्या गावच्या बाया आहोत. "बाळ येणार" म्हणा. भाऊ किंवा बहीण, जे असेल ते. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे तपासून सांगणं गुन्हा आहे आणि विचारणंही गुन्हाच. असा कायदा महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा, 1988 मध्ये केला आणि 1994 मध्ये तो देशभरासाठी झाला. आणि हेही लक्षात ठेवा की प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसरी मुलगी झाली तर आईला 6000 रुपये मिळतात. त्यासाठी गरोदरपणातच आशाताईकडे नोंद लागते.

बाळंतपणाला आई घरातून जाते तो दिवस मुलासाठी सगळ्यात कठीण. इथं तयारी लागते, आणि आपल्या भागात जरा जास्तच लागते. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर पावसात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. जुलै 2021 चा पूर आणि दरडी आपण विसरलेलो नाही. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असेल तर आम्ही आयांना आठ-पंधरा दिवस आधीच खाली, दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे यायला सांगतो. ते करायलाच हवं. पण मग मुलापासूनचा दुरावा तीन दिवसांचा न राहता तीन आठवड्यांचा होतो. शक्य असेल तर मोठ्या मुलाला सोबत आणा. नसेल शक्य, तर तीन गोष्टी त्याला ठाऊक हव्यात: आई कुठं जाणार, तोवर मी कोणाजवळ झोपणार, आणि आई परत येणार. सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण असेल तर साधारण तीन दिवस आणि सिझेरियन असेल तर सात दिवस ठेवतात, त्या काळातलं आईचं जेवण मोफत असतं. मुलाला "तीन वेळा झोपलीस की" असं सांगा, आणि वर हेही सांगा की कधी कधी डॉक्टर जास्त दिवस थांबायला सांगतात. महाडहून माणगावला किंवा अलिबागला पाठवायची वेळ आली तर रोज एक फोन करा. आईचा आवाज ऐकून मूल रडेल म्हणून फोन देत नाहीत. रडू द्या. रडलं तरी आई आहे हे त्याला कळतं.

रात्री-अपरात्री रक्त जायला लागलं, पाणी गेलं, डोकं फुटायला लागून डोळ्यापुढे अंधारी आली, झटका आला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर 108 ला फोन करून तडक निघायचं असतं. तेव्हा मुलाला समजावत बसायला कोणी मोकळं नसतं. म्हणून मुलाला कोण उचलणार हे आधी ठरवा आणि त्या काकूकडे किंवा आजीकडे त्याला आधीच एक-दोन रात्री झोपायची सवय लावा.

झोपायच्या जागेचं एक सांगते, कारण आपली घरं दहा बाय बाराची. आईच्या कुशीतली जागा बाळ आल्याच्या दिवशी काढून घेऊ नका. दीड-दोन महिने आधीच मुलाला वडिलांजवळ किंवा आजीजवळ झोपवायला लागा, म्हणजे जागा बाळानं घेतली असं त्याला वाटत नाही. आणि इथं बाबा लागतात. एमआयडीसीतली पाळी करून दमून येतात, मान्य. मुंबईला असतील तर आठवड्यानं येतात, तेही मान्य. पण मोठ्याला अंघोळ घालणं, अंगणवाडीत सोडणं, रात्री गोष्ट सांगणं याला आईच लागते असं कुठं लिहिलंय? गोष्ट हवी तर सिद्धार्थाची सांगा. महामाया गेल्यावर त्याला प्रजापती गौतमीनं वाढवलं आणि तिच्या पोटचा नंद हा त्याचा धाकटा भाऊ. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म"मध्ये नंदाचा उल्लेख केला आहे. एका आईच्या घरात दोन मुलं कशी मावली, हे पोरांना त्यात बरोबर सापडतं.

मोठं मूल अजून अंगावर पीत असेल तर? दिवस राहिले म्हणून दूध विषारी होत नाही, तो गैरसमज आहे. पोटात कळा येत असतील, रक्त जात असेल किंवा आधीचं बाळंतपण अपुऱ्या दिवसांचं असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा. एरवी सोडवायचं तर हळूहळू, आधी दुपारचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. छातीला कडुलिंब किंवा मिरची लावून एका दिवसात तोडू नका. एक तर ते पोर पोळतं, आणि वर दोन महिन्यांनी तीच छाती बाळाला मिळताना बघतं.

घरी आल्यावर पहिल्या भेटीला आईचे हात मोकळे असू द्या. बाळ आजीकडे द्या, आधी मोठ्याला जवळ घ्या, मग दोघं मिळून बाळ बघा. पुढचे काही आठवडे तो बोबडं बोलेल, दूध मागेल, चड्डीत मुतेल. वाढत्या मुलानं दोन पावलं मागं जाणं आहे ते, आजार नाही. मारू नका, लाजवू नका, आपोआप थांबतं. मात्र दोघांना एकटं सोडू नका. माया करायला म्हणूनसुद्धा मूल तान्ह्याच्या तोंडात बिस्किट कोंबतं. सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीही नाही, हे मोठ्यालाच सांगून त्याला राखणदार करा. त्याला ते फार आवडतं. बाळ यायच्या आधी मोठ्याचं लसीचं कार्डही काढून बघा. दीड वर्षाचा बूस्टर, गोवरची दुसरी लस, पाच वर्षांचं इंजेक्शन राहिलं असेल तर घेऊन टाका. मोठ्याचा खोकला तान्ह्याला महागात पडतो.

पण राखणदार म्हणजे नोकर नव्हे. मुलगी मोठी असली की बाळ आल्याच्या दिवसापासून ती "ताई" होते, आणि ताई म्हणजे पाळणा हलवणारी, लंगोट धुणारी, "तू आता मोठी झालीस, तुला कळायला नको का" हे ऐकणारी. ती चार वर्षांची असते हो. काल चार वर्षांची होती, आजही चारच वर्षांची आहे. आणि पहिली गळती इथूनच होते. "बाळाला बघायला कोणी नाही" म्हणून अंगणवाडी बुडते, मग पहिली-दुसरीतले दिवस बुडतात. पाचवीतल्या ज्या मुलींना नीट वाचता येत नाही, त्यांच्याशी बोलले की बऱ्याचदा घरात एक धाकटं भावंड निघतं. बाळाचं एक काम तिला द्या, तिच्या मनानं करेल ते, दुपटं आणून देण्याएवढं. शाळेचा वेळ तिचा.

दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर असेल तर आईच्या अंगात रक्त भरतं आणि मोठ्यालाही सांगितलेलं कळायचं वय येतं. तांबी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, आठवड्याची छाया गोळी, सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला होता, पी. जे. रोहम यांनी तो मांडला. सभागृहानं तो फेटाळला. आज तीच साधनं अंगणवाडीपासून चालत जायच्या अंतरावर आहेत आणि आपण सासूला काय वाटेल म्हणून घेत नाही.

शेवटी एक अवघड गोष्ट. कधी कधी बाळ येत नाही. पोटात जातं किंवा चार दिवसांत जातं. तेव्हा मोठ्या मुलाला विसरतात, "त्याला काय कळतंय." कळतं. बऱ्याच मुलांनी आधी कधीतरी "मला नको बाळ" म्हटलेलं असतं, आणि मग आपल्याच बोलण्यानं ते गेलं असं ती मनात धरतात. त्याला जवळ घेऊन स्पष्ट सांगा: बाळ फार आजारी होतं, ते जगलं नाही, ते मेलं, यात तुझी काही चूक नाही, आईचीही नाही. "झोपलं" म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं. "देवाघरी गेलं" हे आपल्या घरात कशाला? आई रडली तर रडू द्या, मुलासमोर रडली तरी चालतं. बाबासाहेब आणि रमाईंच्या पाच मुलांत एकटे यशवंतराव जगले. धाकटा राजरत्न 1926 मध्ये गेला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, चारही भावंडं गमावलेला मुलगा. रमाईंच्या दुःखावर आपण गाणी म्हणतो. त्या घरातल्या त्या मुलाला कोणी जवळ बसवून काय सांगितलं असेल, हे माझ्या मनात नेहमी येतं.

त्या पोलादपूरकडच्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिनं "खरंच?" विचारलं तेव्हा मी तिच्या आईकडे बघितलं. आईनं तिला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर, त्या आजीसमोरही, सांगितलं. बाळ येणार आहे, तू इथंच राहणार आहेस, मुंबईला कोणी पाठवत नाही. पोरीनं जरा वेळ विचार केला आणि विचारलं, "ते माझ्या ताटात जेवणार का?" नाही म्हटलं, त्याला दात नसतात. मग तिनं ओढणी सोडली. पुढं नामकरणाला मी गेले होते. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं, आणि बाळाचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं घ्यायचा मान त्या घरानं तिला दिला. ती एवढ्या जोरात ओरडली की पाळण्यातली बहीण दचकून उठली.